वॅट नंतर मोजा, आधी रिसीव्हर ऐका

"काका, माझी मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ८ वर्षांचा. एका विज्ञान मेळाव्यात दोघांनी मोर्स कोड पाहिला आणि तेव्हापासून घरात टेबल, भिंत, खिडकीचे गज, हाताला लागेल ते वाजतंय. मुलीनं तक्ता पाठ केलाय, मुलाला चार-पाच अक्षरं येतात. आता दोघांना 'खरा' रेडिओ हवाय. ओळखीचे एक हॅम, म्हणजे हौसेनं रेडिओ चालवणारे परवानाधारक, म्हणतात, एकदाच १०० वॅटचा चांगला संच घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको. दुसरे म्हणतात, हातात धरायचा छोटा संच घ्या, स्वस्तात भागेल. इंटरनेटवर तर काडेपेटीएवढी किट दिसतात. घरात परवाना कुणाकडेच नाही. पडद्यावर अक्षरं उमटवणारा संच घेतला तर मुलं लवकर शिकतील का? नेमकं काय घेऊ?
– गोंगाटात राहणारी एक आई"

ताई, नमस्कार.

दोघांनीही सल्ला चांगल्या मनानं दिलाय, पण तुमच्या मुलांसाठी दोन्ही बरोबर नाहीत. हातातल्या संचाचा विषय आधी संपवू, कारण पैसे वाया जाण्याची शक्यता तिथे सगळ्यात जास्त आहे.

बाओफेंग यूव्ही-५आर आणि त्या जातीचे संच व्हीएचएफ आणि यूएचएफ या वरच्या वारंवारतेच्या पट्ट्यांत एफएम पद्धतीनं चालतात. बोलायला ठीक आहेत. हॅम लोक मोर्स पाठवतात ते मात्र सीडब्ल्यू पद्धतीनं: की, म्हणजे मोर्स ठोकायचा खटका, दाबली की रेडिओलहर सुरू, सोडली की बंद. त्या लहरीवर आवाज चढवलेलाच नसतो. अशी लहर एफएम संचाला मिळाली तर शिट्टी ऐकू येत नाही, उलट चालू असलेली खरखर तेवढ्यापुरती थांबते. की जोडायची सोयही या संचांत नसते. बझर माइकसमोर धरून टोन पाठवण्याची युक्ती आहे आणि काही देशांत परवानाधारकांना तशी मुभाही आहे. पण जगभरचं मोर्स प्रामुख्यानं ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या शॉर्टवेव्हवर चालतं आणि हा संच तिथवर पोचतच नाही. मुलं आठवडाभर त्याच्याशी खेळतील आणि 'यात मोर्स कुठंय?' असं विचारतील. तुमच्याकडे उत्तर नसेल.

१०० वॅटच्या संचाला मी वाईट म्हणणार नाही. आयकॉमचा आयसी-७३०० किंवा त्या वर्गातला कुठलाही संच मोर्ससाठी छानच आहे. माझी हरकत मुलांच्या बाजूनं आहे. त्याला पूर्ण ताकदीवर २० अँपियरच्या आसपास वीज देणारा पॉवर सप्लाय लागतो. अँटेनाही तेवढ्या ताकदीला पुरून उरेल अशी आणि कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी हवी. समोर रंगीत पडदा, त्यावर सरकणारं चित्र, एका मेनूच्या आत दुसरा मेनू. ८ वर्षांचा मुलगा त्या पडद्याशी खेळत बसेल आणि कान बाजूला राहील. शिवाय एवढी महागडी वस्तू म्हटल्यावर 'हात लावू नका, बाबा येऊ देत' हे आलंच. मुलाला स्वतःहून चालू करता येत नाही असा संच काही दिवसांत कपाटात जातो.

आणि वॅटचा हिशोब करून बघा. ५ वॅट आणि १०० वॅट यांत फरक २० पटीचा, म्हणजे १३ डेसिबलचा. सिग्नल मोजायच्या एस-मीटरवर साधारण ६ डेसिबलचा एक एकक धरतात. म्हणजे समोरच्याच्या मीटरवर तुमची १०० वॅटची मुलगी आणि ५ वॅटची मुलगी यांत दोन एककांहून थोडाच जास्त फरक पडणार. बोलण्याच्या बाबतीत हा फरक जाणवतो. मोर्सचं तसं नाही, त्याची सगळी ताकद एका अरुंद टोनमध्ये एकवटलेली असते, म्हणून खरखरीतूनही तो कानाला सापडतो. ५ वॅटवर, ज्याला हॅम क्यूआरपी म्हणतात, लोक वर्षानुवर्षं खंड ओलांडून गप्पा मारत आले आहेत.

म्हणून माझं सांगणं एवढंच: पहिला संच त्याचा रिसीव्हर बघून निवडा. मोर्स शिकणारं मूल पाठवण्याच्या कितीतरी पट वेळ ऐकत असतं. ऐकायला त्रास झाला तर ते सोडून देतं, पाठवायला ताकद कमी पडली म्हणून सोडत नाही.

आता परवान्याचं. पाठवायला सगळीकडे परवाना लागतो. वयाची अट, परीक्षा, परवानाधारक शेजारी बसलेला असताना मुलानं की दाबलेली चालते का, हे देशागणिक वेगळं आहे. काही देशांत ट्रान्समीटर नुसता बाळगायलाही परवाना लागतो, तेव्हा संच मागवण्याआधी तुमच्याकडचा नियम स्वतः वाचा, कुणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. एक गोष्ट मात्र तुमच्या फायद्याची झालीय. २००३ साली जिनिव्हात झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेनं शॉर्टवेव्हच्या हॅम परवान्यासाठी मोर्सची सक्ती काढून टाकली आणि तो निर्णय त्या त्या देशावर सोडला. त्यानंतर बहुतेक देशांनी ही परीक्षा बंद केली. तुमची मुलं आवडतं म्हणून शिकतायत, त्यांच्या डोक्यावर तारीख नाही. त्यामुळे घाईनं ट्रान्समीटर घ्यायचं काही कारण नाही.

मग आधी घ्यायचं काय? दोन सराव ऑसिलेटर, म्हणजे की दाबली की टोन वाजवणारी छोटी सर्किटं, आणि दोन की. दोन म्हणजे दोनच. एकट्या मुलानं एका बझरवर सराव करणं कंटाळवाणं असतं, आणि तुमच्या घरात तर आयता जोडीदार आहे. दोन ऑसिलेटर दोन खोल्यांत ठेवून मध्ये तार ओढली की झालं. तारेवर चालतं म्हणून परवान्याचा प्रश्नच नाही. ही घरातली पहिली सोल्डरिंगची वस्तूही होऊ शकते: मोजके भाग, चूक झाली तर फार नुकसान नाही. थोडं पुढचं हवं असेल तर मोर्सेरिनो-३२ नावाचं एक यंत्र किटच्या रूपात मिळतं. त्यात शिकवणी आहे, सरावाचे खेळ आहेत, पॅडल (आडवी दाबायची की) लावायची सोय आहे, आणि दोन मोर्सेरिनो एकमेकांशी वाय-फाय किंवा लोरा या कमी ताकदीच्या रेडिओवरून मोर्समध्ये बोलू शकतात. लोराची वारंवारता तुमच्या देशात चालणारी आहे ना, तेवढं आधी बघून घ्या. हे यंत्र घरात आलं तर 'खरा रेडिओ कधी?' हा प्रश्न बरेच दिवस पुढे ढकलला जातो.

की कोणती, यावर हॅम लोकांत न संपणारे वाद आहेत. एका बाजूला साधी की, वरखाली दाबायची, जिच्यात लांब-आखूड सगळं हातानंच मोजायचं. दुसऱ्या बाजूला पॅडल, आडवं दाबायचं. त्यामागचं कीयर नावाचं सर्किट डिट (ठिपका) आणि डा (रेघ) यांची लांबी स्वतः सांभाळतं. डा हा तीन डिटांएवढा लांब, अक्षराच्या आतली फट एका डिटाची, दोन अक्षरांमधली तीन डिटांची, दोन शब्दांमधली सात डिटांची, हे मोर्सचं मूळ माप. लहान हाताला साध्या कीवर हे माप धरणं अवघड जातं आणि चुकीची लय एकदा बसली की ती सुटत नाही. म्हणून मी मोठीला पॅडल देईन. धाकट्याला साधी की द्या, कारण त्याला ठोकायचंय, आणि त्या वयात ठोकण्यातला आनंद महत्त्वाचा. पण की जड पाटावर स्क्रूनं घट्ट बसवा. टेबलावर सरकत पळणारी की हे लहान मुलांच्या मोर्समधलं सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि त्यावर कुणी लिहीत नाही.

तक्त्याबद्दल तुम्हाला बरं वाटणार नाही, तरी सांगतो. मुलीनं पाठ केलेला तक्ता भिंतीवरून काढा. ठिपके आणि रेघा डोळ्यांनी पाठ केल्या की आवाज ऐकल्यावर मन आधी ठिपके मोजतं, मग तक्त्यात शोधतं, मग अक्षर सापडतं. मिनिटाला आठ-दहा शब्दांच्या वेगापर्यंत ही कसरत जमते, पुढे माणूस तिथेच अडकतो. हवेत बहुतेक गप्पा त्याहून वेगानं चालतात, तेव्हा अडकणं म्हणजे कायमचं बाहेर राहणं. 'के' हे अक्षर रेघ-ठिपका-रेघ म्हणून न शिकता डा-डि-डा या एका आवाजासारखं शिकायचं. १९३०च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञानं मांडलेली पद्धत आजही सगळ्यात कामाची आहे: सुरुवातीपासून पूर्ण वेगानं, पण फक्त दोन अक्षरं. ती साधारण ९० टक्के बरोबर ओळखता आली की तिसरं. अक्षर १८-२० शब्दांच्या वेगानंच वाजवायचं आणि दोन अक्षरांमध्ये विचार करायला मोकळी जागा सोडायची, याला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. २० शब्दांच्या वेगात एक डिट ६० मिलिसेकंदांचा असतो, मोजायला वेळच मिळत नाही, आणि तेच तर हवंय. एलसीडब्ल्यूओ या संकेतस्थळावर हे सगळं फुकट आहे. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं पुरे. तासभर बसवू नका.

अक्षरं अर्धीअधिक आली की दुसरी खरेदी, रिसीव्हरची. इथे एक खोच आहे. घरातला जुना शॉर्टवेव्ह रेडिओ काढून मुलांना दिलात तर मोर्स ऐकू येईल असं वाटतं, पण येत नाही. साध्या एएम रिसीव्हरवर सीडब्ल्यूचा सिग्नल म्हणजे नुसता फुस्स-फुस्स असा खरखरीतला चढउतार. त्यातून शिट्टीसारखा टोन निघायला रिसीव्हरमध्ये दुसरी एक लहर तयार करून ती आलेल्या लहरीत मिसळावी लागते; ते काम बीएफओ करतो. खोक्यावर एसएसबी (शॉर्टवेव्हवर बोलण्याची एक पद्धत) लिहिलेलं असेल तर ही सोय आत आहे असं समजा. टेकसनचे पीएल-३३० आणि पीएल-६८०, एक्सएचडेटाचा डी-८०८ हे हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे रिसीव्हर या कामाला चालतात. खऱ्या सीडब्ल्यू संचाइतका धारदार फिल्टर त्यांत मिळत नाही, पण मूल एकट्यानं चालू करू शकतं आणि अंथरुणात घेऊन झोपू शकतं. काही मीटर साधी वायर खिडकीतून बाहेर सोडून रिसीव्हरच्या अँटेनाला लावली की ऐकू येणारं जग बरंच मोठं होतं. घराच्या आत एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या खरखरीत सगळं बुडतं, त्यामुळे आधी खिडकीशी बसून बघा आणि मगच रिसीव्हरला नावं ठेवा.

तोही लगेच घ्यायचा नसेल तर नेदरलँडमधल्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर रिसीव्हर ब्राउझरमधून फिरवता येतो. ७ मेगाहर्ट्झच्या वर पहिले २५-३० किलोहर्ट्झ सरकवत गेलात की मोर्सच मोर्स. ऐकायला उत्तम, पण मुलांना बटण स्वतः फिरवून, खरखरीतून स्वतः शोधलेला सिग्नल जास्त आवडतो हे खरं.

आता तुमचा मूळ प्रश्न, पाठवू-ऐकू शकणारा संच. हा परवाना हातात येण्याच्या बेताला घ्या आणि घेताना दुकानदाराला किंवा जुन्या हॅमला वॅट विचारू नका, पुढच्या गोष्टी विचारा.

सीडब्ल्यूचा फिल्टर किती अरुंद? बोलण्यासाठीचा फिल्टर २.४ किलोहर्ट्झच्या आसपास रुंद असतो. गर्दीच्या संध्याकाळी त्यात चार-पाच जण एकाच वेळी शिट्ट्या मारताना ऐकू येतात. मोठ्या हॅमचा कान त्यातून एक निवडू शकतो, मुलाचा नाही. ५०० हर्ट्झचा फिल्टर हवा, त्याहून अरुंद असेल तर बरंच. फार अरुंद फिल्टर कधी कधी घुमल्यासारखा वाजतो, पण नवशिक्यासाठी तो सौदा मान्य आहे.

साइडटोन कसा आहे? की दाबल्यावर स्वतःला ऐकू येणारा टोन म्हणजे साइडटोन. त्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे आणि स्वरही बदलता आला पाहिजे. बरेच जण ६०० हर्ट्झच्या आसपास ठेवतात, तुमच्या मुलांना जो गोड लागेल तो ठेवा. बहुतेक संचांत साइडटोनचा स्वर आणि रिसीव्हरची जुळणी एकमेकांना बांधलेली असते: समोरच्याची शिट्टी आपल्या साइडटोनच्या स्वराशी जुळवली की आपण त्याच्या वारंवारतेवर बरोबर बसतो. गाणाऱ्या मुलांना हे पटकन जमतं.

मोठा सिग्नल अचानक आला तर काय होतं? हा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत आणि माझ्या मते तो पहिला विचारावा. चांगल्या रिसीव्हरमध्ये एजीसी असतो, तो आवाज आपोआप दाबतो. साध्या किटमध्ये तो बऱ्याचदा नसतो. मूल बारीक सिग्नल ऐकायला आवाज वाढवून बसलेलं असतं आणि शेजारचा एखादा ताकदवान हॅम की दाबतो, तेव्हा हेडफोनमधून कानावर हातोडा बसतो. एजीसी नसेल तर हेडफोनऐवजी छोटा स्पीकर वापरा, किंवा आवाजाची कमाल मर्यादा असलेला हेडफोन.

बाकी बटणं किती, उलटी बॅटरी लावली तर संच वाचतो का, की सोडल्यावर रिसीव्हर लगेच जागा होतो का, हे ओघानं विचाराच.

या कसोटीवर मी तुमच्यासाठी क्यूआरपी लॅब्जचा क्यूसीएक्स-मिनी निवडेन. एकाच बँडचा (वारंवारतेच्या एकाच पट्ट्याचा), ५ वॅटच्या घरातला, २०० हर्ट्झचा फिल्टर, आत कीयर. त्यात सरावाची एक सोय आहे जी चालू असताना की दाबली तर फक्त साइडटोन वाजतो, हवेत काही जात नाही. मूळ क्यूसीएक्सचा जन्मच तुम्हाला आवडेल असा आहे: २०१७ साली इंग्लंडमध्ये योटा या तरुण हॅमच्या उन्हाळी शिबिरात तिथल्या मुलामुलींनी स्वतः जोडावा म्हणून तो आखला गेला. किट आहे, जोडावं लागतं. सोल्डरिंगचा पहिला प्रयोग म्हणून ते घेऊ नका. बारीक जागेत तारेचे वेढे घालायची कामं आहेत. ऑसिलेटर जोडून हात बसल्यावर मुलगी मोठ्या माणसाबरोबर हे करू शकेल. चष्मा, खेळती हवा आणि काम झाल्यावर साबणानं हात धुणं, यात सूट नाही. जोडायचं नसेल तर तयार जोडलेला मागवा, त्यात कमीपणा नाही.

एकाच बँडचा संच म्हटल्यावर ओळखीचे हॅम नाक मुरडतील. मुरडू देत. मुलांना कमी पर्याय असले की ती लवकर कामाला लागतात. बँड निवडायचा तर ४० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा. दिवसा काही शे किलोमीटरवरचे आणि अंधार पडला की बरेच दूरचे सिग्नल तिथे येतात, आणि शाळेची मुलं मोकळी होतात तीही संध्याकाळीच. २० मीटर दिवसा दूरवर नेतो, पण दिवसा मुलं शाळेत.

अनेक बँड हवेच असतील तर त्याच कंपनीचा क्यूएमएक्स आहे. एलेक्राफ्टचा केएक्स२ हा मुलांच्या हातात देण्याजोग्या संचांतला मला सगळ्यात देखणा वाटतो. आत बॅटरी, १० वॅटपर्यंत ताकद, रिसीव्हर अप्रतिम. खिसा मात्र भक्कम हवा. झिगूचा जी९० २० वॅटचा आणि मजबूत आहे, पण मेनू फार. काडेपेटीएवढं जे किट तुम्ही पाहिलंत ते बहुधा पिक्सी असणार. ते सोल्डरिंगचा धडा म्हणून घ्या, रेडिओ म्हणून नको. स्फटिकावर एकाच वारंवारतेला बांधलेलं, ताकद एक वॅटहून कमी, फिल्टर जवळजवळ नाहीच. ऐकायला सगळा बँड एकदम ऐकू येतो. मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाहीये.

संचावर जितका विचार कराल त्याहून थोडा जास्त अँटेनावर करा. ७.०३ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगाची डायपोल लागते. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागलं की मीटरमध्ये लांबी येते, म्हणजे साधारण २०.३ मीटर वायर, मधोमध कापून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. एवढी सरळ जागा नसेल तर मध्यभाग उंच आणि टोकं खाली उतरती बांधा. विजेच्या तारांच्या जवळपासही ही वायर नको, पडली तरी त्यांच्यावर पडणार नाही एवढं अंतर ठेवा. ढग गडगडायला लागले की अँटेना संचापासून काढून घराबाहेर ठेवायची, हा नियम मुलांनाच पाठ करायला लावा. ५ वॅटवरही वायरच्या टोकाशी विजेचा दाब बराच असतो, तेव्हा टोकं हाताला लागतील अशी नकोत. अँटेना न लावता की दाबली तर संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. म्हणून ५० ओमचा छोटा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी ताकद जिरवणारा भाग, आधीच विकत घ्या आणि अँटेना नसेल तेव्हा तो लावून ठेवायची सवय लावा.

पडद्यावर अक्षरं उमटवणाऱ्या संचाबद्दल तुम्ही विचारलंत. क्यूसीएक्समध्येही तो डिकोडर आहे. बंद ठेवा. अक्षर डोळ्यासमोर येणार हे माहीत असलं की कान काम करायचं थांबवतो, आणि कोण किती निग्रही आहे याचा प्रश्नच येत नाही, मोठ्यांचंही तसंच होतं. शिवाय कमजोर सिग्नल, खरखर, हातानं वेडंवाकडं पाठवणारा माणूस, यापैकी काहीही आलं की डिकोडर कचरा छापतो. एका कामाला मात्र तो उत्तम आहे: मुलांचं स्वतःचं पाठवणं तपासायला. मुलीनं 'सीक्यू' ('कुणी आहे का?' अशी सगळ्यांना हाक) पाठवलं आणि पडद्यावर भलतंच आलं, तर अक्षरांमधली फट कुठे चुकली ते यंत्र सांगतं. आईनं सांगितलं तर भांडण होतं.

हवेत गेल्यावर पहिल्या गप्पांचा धसका मोठा असतो. त्याआधी मोर्सरनर नावाचा फुकट सिम्युलेटर द्या. संगणकातले खोटे हॅम उत्तरं देतात, चुकलं तरी कुणाला कळत नाही. परवाना आल्यावर रिव्हर्स बीकन नेटवर्कची मजा दाखवा. सीक्यू आणि आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं हवेतलं नाव, दोन-तीनदा पाठवलं की जगभरातले आपोआप चालणारे रिसीव्हर ते ओळखतात आणि कुठे, किती जोरात, किती वेगात ऐकू आलं ते इंटरनेटवर टाकतात. कुणी उत्तर दिलं नाही तरी कुणी ऐकलं ते दिसतं. समोरचा वेगात पाठवत असेल तर क्यूआरएस पाठवायचं, 'हळू पाठवा'. चांगला हॅम वेग कमी करतोच, आणि जो करत नाही त्याला ७३, म्हणजे 'शुभेच्छा', म्हणून पुढे जायचं. डिसेंबर महिना योटाचा असतो, तेव्हा कॉलसाइनच्या शेवटी योटा असलेली तरुणांची स्टेशनं हवेत असतात. मोठीसाठी तो महिना वहीत लिहून ठेवा.

धाकट्याला बहिणीच्या वेगाला बांधू नका. त्याच्यासाठी वेगळा खेळ आहे. १४.१०० मेगाहर्ट्झवर एनसीडीएक्सएफ या हॅम संस्थेची बीकन स्टेशनं, म्हणजे आपोआप ठरावीक सिग्नल पाठवणारी स्टेशनं, आळीपाळीनं येतात. एकूण १८ ठिकाणं, प्रत्येकाला १० सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी पुरी. श्रीलंका, जपान, फिनलंड, दक्षिण आफ्रिका, पेरू असे वेगवेगळे देश. एखादं स्टेशन कधी बंदही असतं. प्रत्येक स्टेशन आधी आपलं कॉलसाइन पाठवतं आणि मग एकेका सेकंदाच्या चार लांब रेघा: पहिली १०० वॅटवर, दुसरी १० वर, तिसरी १ वर, चौथी दशांश वॅटवर. कॉलसाइन २२ शब्दांच्या वेगानं येतं, ते त्याला आता कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. ते छापून द्या, सेकंदकाट्याचं घड्याळ द्या, आणि कुठल्या देशाच्या किती रेघा ऐकू आल्या ते त्याला नकाशावर मांडू द्या. तिसरी रेघ ऐकू आली की १०० वॅटच्या संचाचा आग्रह धरणाऱ्या तुमच्या ओळखीच्या हॅमना बोलावून ती ऐकवा. त्यासाठी लागतो तो एसएसबीचा रिसीव्हर, खिडकीतली वायर आणि हेडफोनला दोन जोड देणारी एक छोटी पिन. ती पिन पहिल्याच खरेदीत घ्या, नाहीतर ऐकायची पाळी कुणाची यावरून रोज भांडणं सोडवावी लागतील.